पांढरं जातंय म्हणून प्रोबायोटिक घ्यायचं का?

"अंगावरून पांढरं जातंय. मेडिकलमधून बायकांसाठीच्या प्रोबायोटिक कॅप्सूल आणल्यात. किती दिवस घेऊ?" हा प्रश्न इतक्या वेळा येतो, की एकेकीला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळ्यांशी एकदाच नीट बोलावं असं वाटलं. कुणी विचारतं, रोज वाटीभर दही खाल्लं तर खाज थांबेल का. कुणी लिहितं, तीनदा औषध झालं तरी महिन्याभरात वास परत येतो, आता चांगले जिवाणू आत सोडायचं औषध निघालंय म्हणे, ते कुठे मिळेल.

उत्तर आधीच सांगते. योनिमार्गातले चांगले जिवाणू ही खरी गोष्ट आहे आणि त्यांचं काम मोठं आहे. पण दुकानातली कॅप्सूल म्हणजे ते जिवाणू नव्हेत. खाज, वास किंवा बदललेलं पांढरं यावर प्रोबायोटिक हा पहिला उपाय कधीच नाही. आधी नेमकं काय झालंय ते ओळखायचं, त्याचं औषध पूर्ण घ्यायचं आणि मग गरज असलीच तर प्रोबायोटिकचा विचार करायचा. हा क्रम उलटा झाला की महिने वाया जातात आणि त्रास तसाच राहतो.

आतले जिवाणू काय करतात

निर्णय घेण्यापुरतंच सांगते. अल्बर्ट डोडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने १८९२ मध्ये निरोगी स्त्रियांच्या योनिस्रावात दांडीसारखे जिवाणू असल्याचं नोंदवलं. त्यांनाच आज आपण लॅक्टोबॅसिलस म्हणतो. स्त्रीच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनिमार्गाच्या अस्तरात ग्लायकोजेन नावाची साखर साठते. तिच्यावर हे जिवाणू जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे तिथला पीएच साधारण ३.८ ते ४.५ राहतो, म्हणजे चांगलाच आंबट. त्या आंबटपणात रोगट जिवाणूंना पाय रोवता येत नाहीत.

संप्रेरकाशी असलेलं हे नातं लक्षात ठेवा, कारण बऱ्याच गोष्टींचा उलगडा त्यातून होतो. पाळी सुरू होण्याआधी मुलींमध्ये आणि पाळी गेल्यावर बायकांमध्ये ही आम्लता कमी असते. पाळीच्या दिवसांत रक्तामुळे ती काही काळ घटते, म्हणून अनेकींना पाळीनंतर लगेच वास जाणवतो. वीर्यही आम्लारी असतं, त्यामुळे संबंधांनंतरही तसं होऊ शकतं.

आणखी एक गोष्ट. सगळ्या निरोगी बायकांच्या आत एकसारखे जिवाणू नसतात. अमेरिकेत ३९६ निरोगी स्त्रियांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जिवाणूंचे पाच वेगवेगळे समूह सापडले. चारांत लॅक्टोबॅसिलसच्या एकेका जातीचं वर्चस्व होतं: क्रिस्पॅटस, गॅसेरी, आयनर्स आणि जेन्सेनी. पाचव्या गटात मात्र लॅक्टोबॅसिलस कमी होते, तरी त्या बायकांना काहीही त्रास नव्हता. म्हणून घरी नमुना घेऊन पाठवायच्या महागड्या जिवाणू-तपासण्यांच्या मागे लागू नका. त्रास नसताना "तुमचे चांगले जिवाणू कमी आहेत" असा अहवाल आला, तर तो काळजीशिवाय काही देत नाही.

पांढरं जाणं म्हणजे प्रत्येक वेळी आजार नव्हे

पांढरं गेलं की हाडं झिजतात, अंगातली ताकद निघून जाते, असं आपल्याकडे आजही मायलेकींत बोललं जातं. तसं होत नाही. योनिस्राव हा शरीराचा नेहमीचा ओलावा आहे. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत तो पातळ, पारदर्शक, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा असतो. नंतर घट्ट आणि दुधाळ होतो. गरोदरपणात वाढतो. खाज नाही, आग नाही, घाण वास नाही, रंग नेहमीचाच आहे, तर औषधाची गरज नाही, प्रोबायोटिकचीही नाही. थकवा आणि कंबरदुखी असेल तर ती या पाण्याच्या माथी मारू नका. हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बायका इतक्या आहेत, की खरं कारण बऱ्याचदा तिथेच सापडतं.

नेहमीपेक्षा वेगळं वाटत असेल, तर बहुतेक वेळा पुढच्या तिघांपैकी एक असतं:

- बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे बीव्ही. लॅक्टोबॅसिलस घटतात आणि गार्डनेरेला व इतर जिवाणू माजतात. स्राव पातळ, राखाडी-पांढरा, सारखा पसरणारा. मासळीसारखा वास, संबंधांनंतर किंवा पाळीनंतर जास्त. खाज फारशी नसते. पीएच ४.५ च्या वर जातो.
- कँडिडा, म्हणजे बुरशी. पनीर फुटल्यासारखा घट्ट पांढरा स्राव. प्रचंड खाज, लाली, लघवी करताना बाहेरच्या कातडीवर आग. वास जवळजवळ नसतोच. इथे पीएच बहुधा नेहमीसारखाच असतो. म्हणजे आम्लता शाबूत असतानाही बुरशी होते, आणि म्हणूनच "आम्लता वाढवा" हा सल्ला बुरशीला लागू पडत नाही.
- ट्रायकोमोनास. संबंधांतून पसरणारा सूक्ष्मजीव. पिवळट-हिरवट, कधी फेसाळ स्राव, खाज आणि वासही. इथे जोडीदाराचा उपचार झालाच पाहिजे, नाहीतर तुम्ही बऱ्या होऊन पुन्हा आजारी पडाल.

वाचून तुम्हाला वाटेल की ओळखणं सोपं आहे. तसं नाही. लक्षणांवरून स्वतःच बुरशी ठरवून औषध आणणाऱ्या अनेकींना प्रत्यक्षात दुसरंच काही असतं, आणि दोन्ही एकदम असणाऱ्याही असतात. तपासणी मात्र साधी आहे. डॉक्टर स्राव पाहतात, पीएचची पट्टी लावतात, थेंबभर स्राव काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून वास घेतात. १९८३ पासून वापरात असलेल्या ॲम्सेलच्या निकषांनुसार चारांपैकी तीन खुणा जुळल्या की बीव्हीचं निदान होतं. यासाठी मोठं हॉस्पिटल लागत नाही. ज्यांचे कधीच संबंध आलेले नाहीत, त्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावं. योनीत यंत्र न घालता नुसत्या कापसाच्या काडीनेही नमुना घेता येतो, आणि तो स्वतःलाही घेता येतो.

यांपैकी काही असेल तर घरी थांबू नका:

- ओटीपोटात दुखणं आणि ताप
- रक्त मिसळलेला स्राव, संबंधांनंतर रक्त, किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं
- गरोदरपणात वास किंवा रंग बदलणं
- जननेंद्रियावर फोड, जखम
- पाळी न आलेल्या लहान मुलीला स्राव होणं
- तांबी बसवल्यानंतरच्या दिवसांत दुखणं आणि घाण स्राव

रक्ताबद्दल थोडं थांबून सांगते. रक्तमिश्रित पाणी हे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचंही लक्षण असू शकतं. असं लक्षण असलेल्या बाईने महिनाभर प्रोबायोटिक घेत वाट पाहिली, तर तो महिना परत मिळत नाही.

औषध आधी, आणि पूर्ण

बीव्हीवर मेट्रोनिडाझोल किंवा क्लिंडामायसिन देतात, पोटात घ्यायच्या गोळीच्या किंवा आत लावायच्या जेलच्या रूपात. बुरशीवर क्लोट्रिमॅझोलच्या योनीत ठेवायच्या गोळ्या किंवा फ्लुकोनाझोल. एकीचं औषध दुसरीवर चालत नाही. शेजारणीला गुण आला म्हणून तिची पट्टी आणू नका.

चुका बहुतेक या ठिकाणी होतात:

- वास गेला की तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद. सात दिवसांचा कोर्स असेल तर सातही दिवस घ्या. मेट्रोनिडाझोलने तोंड कडू, धातूसारखं होतं. ते अपेक्षित आहे, घाबरून सोडू नका.
- खाजेवर कॉम्बिनेशन क्रीम. बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकाच ट्यूबमध्ये असलेली क्रीम आपल्याकडे चिठ्ठीशिवाय सहज हाती येतात. स्टेरॉइडने दोन दिवस खाज दबते, मग बुरशी जोमाने पसरते आणि कातडी पातळ होते. ट्यूबवर क्लोबेटासोल, बेटामेथासोन अशी नावं दिसली तर ती स्वतःहून लावू नका.
- निरोधवर विसंबणं. आत लावायच्या काही औषधांत तेल असतं, त्याने लॅटेक्सचा निरोध कमकुवत होतो. औषध चालू असताना निरोध फाटू शकतो, हे गृहीत धरा.
- गरोदरपणात फ्लुकोनाझोलची गोळी. ती टाळतात, आत ठेवायच्या गोळ्या वापरतात. दिवस राहिल्याची नुसती शंका असली तरी सांगा. बीव्हीचा संबंध वेळेआधीच्या बाळंतपणाशीही आहे, म्हणून गरोदर बाईने वास अंगावर काढू नये.
- वारंवारच्या बुरशीचं कारण न शोधणं. वर्षात तीन किंवा त्याहून जास्त वेळा झाली तर रक्तातली साखर तपासाच. मधुमेह कधीकधी असा, खाजेच्या वाटेने कळतो.

बीव्ही पुन्हा पुन्हा येते, आणि यात तुमचा काही दोष नाही. औषध नीट घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींना वर्षभरात ती परत होते. "मी अस्वच्छ आहे का?" असं विचारणाऱ्या बायकांना मला हे ठामपणे सांगायचं आहे. जिवाणू आतल्या अस्तराला चिकटून थर करून राहतात, औषधाने तो थर पूर्ण निघत नाही.

आता एक नवी गोष्ट आपल्या हाती आली आहे. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १६४ जोडप्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या जोडप्यांत पुरुषांनाही सात दिवस पोटातून मेट्रोनिडाझोल आणि लिंगावर लावायला क्लिंडामायसिन क्रीम दिलं. बारा आठवड्यांत फक्त बाईचा उपचार झालेल्या गटात ६३ टक्के जणींना बीव्ही परत झाली, दोघांचा झाला तिथे ३५ टक्के. प्रोबायोटिकच्या सगळ्यात भक्कम अभ्यासात दिसलेल्या फरकापेक्षाही हा फरक मोठा आहे. एकाच जोडीदाराशी संबंध असताना तुम्हाला बीव्ही परत परत होत असेल, तर पुढच्या भेटीत नवऱ्याला सोबत न्या आणि डॉक्टरांना या उपचाराबद्दल सरळ विचारा. नवरा "मला काय झालंय?" म्हणेल. त्याला काही होत नसलं तरी जिवाणू त्याच्याकडे राहू शकतात, एवढं सांगणं पुरे.

मग प्रोबायोटिकला काय जमतं?

सगळ्यात भक्कम पुरावा एका विशिष्ट जिवाणूचा आहे: लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटसचा सीटीव्ही-०५ हा वाण. हा खास योनिमार्गातलाच रहिवासी. २०२० मध्ये अमेरिकेतल्या २२८ स्त्रियांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. बीव्ही असलेल्या या बायकांना आधी मेट्रोनिडाझोलचं जेल दिलं आणि नंतर अकरा आठवडे हा जिवाणू योनीत सोडला. बाराव्या आठवड्यापर्यंत बीव्ही परत झालेल्यांचं प्रमाण जिवाणू मिळालेल्यांत ३० टक्के होतं, जिवाणू नसलेली नुसती पूड मिळालेल्यांत ४५ टक्के.

या आकड्यांतून तीन गोष्टी घ्या. औषध आधी दिलं होतं. जिवाणू योनीत सोडला होता, गिळला नव्हता. आणि तरीही दहातल्या तिघींना त्रास परत झालाच. आपल्या दुकानांतल्या बहुतेक कॅप्सूलमध्ये हा वाण नसतो. त्या पोटात घ्यायच्या असतात आणि त्यांत ऱ्हॅम्नोसस, रॉयटेरी, ॲसिडोफिलस या जाती असतात.

पोटात घ्यायच्या कॅप्सूलचं चित्र उलटसुलट आहे. ऱ्हॅम्नोसस जीआर-१ आणि रॉयटेरी आरसी-१४ ही जोडी सर्वाधिक अभ्यासलेली. नायजेरियात २००६ साली मेट्रोनिडाझोलच्या जोडीने ती दिल्यावर बऱ्या झालेल्यांचं प्रमाण ८८ टक्के निघालं, नुसत्या औषधावर ४० टक्के. आकडा देखणा आहे, पण अभ्यास सव्वाशे बायकांचा होता. पुढे ब्रिटनमध्ये गरोदर स्त्रियांना अशा कॅप्सूल दिल्या, तेव्हा योनिमार्गातल्या जिवाणूंत काहीच बदल दिसला नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही बाजारातली लॅक्टोबॅसिलसची उत्पादनं बीव्हीच्या औषधाऐवजी किंवा औषधासोबत वापरायची शिफारस करत नाहीत.

बुरशीबाबत तर निराशाच आहे. अँटिबायोटिक घेतलं की बुरशी होते, म्हणून सोबत लॅक्टोबॅसिलस घ्या, हा सल्ला घराघरांत दिला जातो. ऑस्ट्रेलियात २००४ मध्ये नेमकं हेच तपासलं. पोटातून द्या वा योनीतून, बुरशी टळली नाही.

तर माझं मत असं आहे. पहिल्यांदाच त्रास झाला असेल तर प्रोबायोटिकवर पैसे घालवू नका. बुरशीसाठीही नको. बीव्ही वर्षात तीन-चारदा परत आली असेल, औषध पूर्ण झालं असेल, जोडीदाराचा विचार झाला असेल, तर डॉक्टरांशी बोलून दोन-तीन महिने करून बघायला हरकत नाही. तेवढ्यात फरक नाही पडला तर थांबा. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे, केमोथेरपी चालू आहे किंवा अवयवरोपण झालंय, त्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय जिवंत जिवाणूंचं काहीही घेऊ नये.

घ्यायचंच ठरवलंत तर लेबल असं वाचा

आपल्याकडे अशा बहुतेक कॅप्सूल औषध म्हणून नव्हे, तर अन्नपूरक म्हणून विकल्या जातात. त्यांच्यावर देखरेख अन्न सुरक्षा प्राधिकरणाची असते. म्हणून डब्यावर १४ अंकी परवाना क्रमांक असतो आणि "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाची सूचनाही. हे वाक्य बारीक अक्षरांत असलं तरी शोधून वाचा. कंपनीलाच ते छापावं लागतं, आणि दुकानदाराच्या शब्दापेक्षा ते खरं आहे.

- वाणाचं पूर्ण नाव आहे का? नुसतं "लॅक्टोबॅसिलस" किंवा "ऱ्हॅम्नोसस" पुरेसं नाही. पुढे अक्षरं-आकडे हवेत, जसं जीआर-१. एका वाणाचा गुण दुसऱ्यात असेलच असं नाही.
- जिवंत जिवाणूंची संख्या कोणत्या तारखेची? ती सीएफयू या मापात लिहितात. तयार केल्याच्या दिवशीची नव्हे, मुदत संपेपर्यंतची हमी असलेली संख्या महत्त्वाची.
- साठवण कशी सांगितली आहे? फ्रिजमध्ये ठेवा असं लिहिलं असेल आणि दुकानदार उघड्या फळीवरून डबा काढून देत असेल, तर घेऊ नका. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात कुरिअरने चार दिवस फिरून आलेल्या डब्यात किती जिवाणू जिवंत असतील, याचा विचार करा.
- पोटात की योनीत? पोटात घ्यायची कॅप्सूल योनीत ठेवू नका. ती त्यासाठी बनवलेली नसते.
- दावे कोणते आहेत? गर्भधारणा, पांढरं पाणी, वजन, त्वचा, सगळ्यांवर एकच कॅप्सूल असेल तर ती परत ठेवा.

अँटिबायोटिक चालू असेल तर पोटात घ्यायचं प्रोबायोटिक त्याच्यासोबत नको, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. पहिले काही दिवस पोट फुगणं, गॅस होऊ शकतो.

दही, ताक, विरजण

खा. पोटाला चांगलं, प्रथिनं मिळतात, कॅल्शियम मिळतं. पण विरजणातले जिवाणू दुधात वाढणारे असतात आणि योनिमार्गात राहणारे क्रिस्पॅटस, गॅसेरी त्यांच्याहून वेगळ्या जातीचे. वाटीभर दही खाल्ल्याने बीव्ही बरी होत नाही. आणि दही आत लावू नका, कापसाला लावून तर मुळीच नको. घरच्या दह्यात विरजणाबरोबर आणखी काय काय वाढलेलं असतं ते कुणालाच माहीत नसतं. लसणाची पाकळी, कडुनिंबाचं पाणी, तुरटी, टी ट्री तेल यांनाही हेच लागू आहे. तुरटीने घट्टपणा येतो म्हणतात. तो कोरडेपणा असतो आणि अस्तराला जखमा होतात.

चांगल्या जिवाणूंना जपायचं म्हणजे त्यांना त्रास द्यायचा नाही

या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त आग्रही आहे, कारण इथे पैसा लागत नाही आणि नुकसान टळतं. योनिमार्ग आतून धुवायचा नसतो. स्राव म्हणजेच त्याची धुण्याची सोय. डेटॉलचं पाणी, पोटॅशियम परमँगनेट, बीटाडीन, व्हिनेगर, लिंबू, काहीही आत सोडलं की आधी मरतात ते लॅक्टोबॅसिलस. वास येतो म्हणून आत धुणं, धुतल्याने जिवाणू मरणं, जिवाणू मेल्याने वास वाढणं: या फेऱ्यात वर्षानुवर्षं अडकलेल्या बायका असतात, आणि त्या सगळ्या अतिशय स्वच्छ असतात.

बाहेरचा भाग दिवसातून एकदा-दोनदा साध्या पाण्याने धुवा. साबण हवाच असेल तर सौम्य, आणि बाहेरच. "पीएच संतुलित" इंटिमेट वॉशची गरज नाही. आवडत असेल तर बाहेरून वापरा, पण त्याने आजार बरा होईल अशी अपेक्षा ठेवू नका. सुगंधी पॅड, स्प्रे टाळा. घामाच्या दिवसांत सुती अंतर्वस्त्र, रात्री सैल कपडे. पाळीचा कप वापरत असाल तर तो हात धुऊन बसवा आणि दोन पाळ्यांच्या मध्ये उकळून ठेवा. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका. सर्दीला घेतलेली गोळी घशापुरती राहत नाही, खालच्या जिवाणूंनाही मारते.

पाळी गेलेल्या मैत्रिणींसाठी

कोरडेपणा, जळजळ, संबंधांत दुखणं, वारंवार लघवीचा संसर्ग यासाठी तुम्हीही या कॅप्सूल घेता, हे मला पत्रांवरून दिसतं. तुमच्याकडे कमतरता जिवाणूंची नंतर, इस्ट्रोजेनची आधी आहे. १९९३ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या, पाळी गेलेल्या स्त्रियांना योनीत लावायचं इस्ट्रिऑल क्रीम दिलं. महिन्याभरात ६१ टक्के जणींमध्ये लॅक्टोबॅसिलस आपोआप परत आले, बाहेरून न सोडता. लघवीचे संसर्गही फार कमी झाले. या क्रीमबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते आवर्जून सांगा.

दवाखान्यात गेल्यावर तुमचे हक्क

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्याला आता साडेतीन दशकं उलटली. तरी तपासणीच्या टेबलावर चढायची भीती आणि लाज अजून तशीच आहे, म्हणून हे हक्क माहीत असू द्या:

- पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत स्त्री हजर असली पाहिजे. रुग्णहक्कांच्या सनदेत हे स्पष्ट आहे.
- काय आणि का तपासणार, हे आधी विचारता येतं. नको वाटलं तर थांबा म्हणता येतं.
- तुमचं निदान तुमच्या परवानगीशिवाय सासूला किंवा नवऱ्याला सांगता येत नाही.
- औषध त्याच दवाखान्यातून घ्यायची सक्ती नाही.
- दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचा हक्क आहे.

खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी, सल्ला आणि औषधं मोफत मिळतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातही योनिस्रावासाठी ठरावीक औषधांचा हिरव्या रंगाचा संच ठेवण्याची सरकारी पद्धत आहे, आशाताईंना विचारा. कुठे जायचं ते कळत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता विचारता येतं.

आणि हे ठळकपणे सांगते: नुसत्या पांढऱ्या पाण्यासाठी गर्भाशय काढायची गरज नसते. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांच्या २०१९ च्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, पुढे कॅन्सर होईल, असं सांगून शस्त्रक्रिया झालेल्या बायका त्यांत होत्या. सात दिवसांच्या गोळ्यांनी जे बरं होतं, त्यासाठी आयुष्यभराचं नुकसान. केंद्र सरकारने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या लागू करायला सांगितलं. कुणी स्राव पाहून थेट पिशवी काढायचा सल्ला दिला, तर स्रावाची तपासणी, गर्भाशयमुखाची तपासणी आणि सोनोग्राफी झाली आहे का ते विचारा, कागद हातात घ्या आणि सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्या.

जाण्याआधी एक चिठ्ठी लिहा

आत गेल्यावर अर्धं विसरतं आणि उरलेलं लाजेने राहून जातं. चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात दिली तरी चालते. तिच्यावर एवढं असू द्या: शेवटच्या पाळीची तारीख; त्रास केव्हापासून, पाळीच्या आधी की नंतर वाढतो; स्रावाचा रंग आणि वास; खाज आहे की नाही; गेल्या वर्षात किती वेळा झालं आणि कोणती औषधं, किती दिवस घेतली; मधुमेह, गरोदरपण, तांबी; आत काही धुता किंवा लावता का; आणि घेत असाल तर त्या प्रोबायोटिकचं नाव. डबा पिशवीत टाकून न्या. जाण्याआधी दोन दिवस आत कोणतंही क्रीम किंवा गोळी ठेवू नका, संबंध टाळा, आणि त्या दिवशी आतून धुऊन जाऊ नका, नाहीतर काचेवर पाहायला काही उरत नाही.